तीस तासांचं बाळ, सव्वा महिन्याची बाळंतीण आणि एचआयव्हीचं औषध

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं की अमेरिकेत एचआयव्ही घेऊन जन्मलेलं बाळ औषधाने पूर्ण बरं झालं, मग आपल्याकडच्या लेकरांना जन्मभर गोळ्या का खायला लावतात? तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते एवढं वाढलं की वेगळा धागा काढते आहे. मी सोळा वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्राची, समुपदेशक होते. त्यातली बरीच वर्षं गरोदर बायकांच्या बाजूला गेली. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल माझं काही चुकलं तर इथल्या डॉक्टरांनी जरूर सांगावं.

आधी त्या बाळाची गोष्ट सांगते, कारण ती अर्धीच फिरते.

जुलै २०१०, मिसिसिपी राज्य. बाई कळा घेऊनच दवाखान्यात आली. गरोदरपणात एकदाही तपासणी झालेली नव्हती. तिथे घाईने केलेल्या चाचणीत एचआयव्ही निघाला. बाळ ३५व्या आठवड्यातच झालं, आईला औषध द्यायला सवडच मिळाली नाही. बाळाला जॅक्सनच्या विद्यापीठ रुग्णालयात हलवलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. हॅना गे यांनी रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता, बाळ ३० तासांचं असताना, तीन औषधं सुरू केली. अशा बाळाला तेव्हा प्रतिबंध म्हणून एखाददुसरं औषध द्यायचे. यांनी पुरा उपचारच लावला. नंतर रिपोर्ट आला तेव्हा कळलं की बाळाला जन्मतःच लागण झालेली होती, एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या १९,८१२ प्रती होत्या. २९व्या दिवशी त्या ४८च्या खाली आल्या, म्हणजे यंत्राला मोजता येईनात.

औषध १८ महिन्यांपर्यंत चाललं. मग आई येईनाशी झाली. मुलगी २३ महिन्यांची असताना दोघी परत आल्या. औषध बंद होऊन काही महिने झालेले, म्हणजे विषाणू उसळला असणार असंच सगळ्यांना वाटलं. पण रक्तात काही सापडलं नाही. पुन्हा तपासलं, तरी नाही. मग डॉ. कॅथरिन लुझुरियागा आणि जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. डेबोरा पर्सोद यांनी अधिक बारीक चाचण्या केल्या आणि मार्च २०१३ मध्ये अटलांटाच्या परिषदेत ही हकीकत मांडली. जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली.

त्या आठवड्यात आमच्या ओपीडीत एक बाई पेपरचं कात्रण ब्लाउजमध्ये घडी करून घेऊन आली होती. घामाने शाई फुटलेली. कात्रण टेबलावर पसरून म्हणाली, "ताई, हे खरं असंल तर माझ्या पोराचं बंद करू का?"

मी तिला नको म्हणाले. का नको ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नाही. कारण पुढच्या वर्षी कळलं. जुलै २०१४ मध्ये, औषधाविना २७ महिने काढल्यावर, त्या मुलीच्या रक्तात विषाणू पुन्हा सापडला, १६,७५० प्रती. औषधं पुन्हा सुरू झाली. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. तिचं कात्रण घेऊन माझ्याकडे कुणी आलं नाही.

"बरं झालं" आणि "परत उलटलं" या दोन मथळ्यांच्या मधे एक गोष्ट दबून गेली, आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोलाची आहे. बाळाला औषध *कधी* मिळालं? हे ठामपणे सांगणारा अभ्यास मिसिसिपीच्याही आधीचा आहे. दक्षिण आफ्रिकेत, सोवेटो आणि केपटाउनला झालेला. त्याला चेर म्हणतात, डॉ. अ‍ॅव्ही व्हायोलारी आणि डॉ. मार्क कॉटन यांचा. त्यात वरवर ठणठणीत दिसणारी, सीडी४ (म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची मोजणी) चांगलं असलेली, १२ आठवड्यांच्या आतली लागण झालेली बाळं घेतली. काहींना लगेच औषध दिलं, साधारण सातव्या आठवड्यापासून. काहींना तेव्हाच्या नियमाप्रमाणे, म्हणजे सीडी४ घसरलं किंवा आजार दिसला की. वर्षाच्या आतच फरक एवढा उघड झाला की २००७ मध्ये देखरेख समितीने सांगितलं, थांबू नका, सगळ्यांनाच द्या. वाट पाहणाऱ्या गटात १६ टक्के बाळं गेली होती, लगेच औषध मिळालेल्यांत ४ टक्के. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने नियम बदलला: वर्षाच्या आतल्या बाळाला लागण ठरली की सीडी४ बघत बसू नका.

ती बाळं *ठणठणीत दिसत होती*, हे मी आमच्या बायकांना पुन्हा पुन्हा सांगायचे. उपचार नसेल तर लागण झालेल्या बाळांपैकी साधारण तिसरा हिस्सा पहिल्या वाढदिवसाआधी जातो आणि निम्मी दुसऱ्याआधी. त्यातही दुसरा-तिसरा महिना सगळ्यात धोक्याचा.

आता आपल्याकडचं. आपल्या कार्यक्रमात बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते, पहिल्या लसीच्या वेळी. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. आणि आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. नाव एका जिल्ह्यात, बाळंतीण दुसऱ्या जिल्ह्यात, माहेरच्यांना काही माहीत नाही, आणि औषधाची बाटली टोपड्या-दुपट्यांच्या बोचक्यात तळाशी. आमच्या कार्डावर तारीख असायची, पण मी बायकांना तारीख सांगतच नसे. "सव्वा महिना उठला की पहिली लस, आणि लसीच्या दिवशीच टाचेतून रक्त," एवढंच सांगायचे. तारीख विसरते. सव्वा महिना कुठलीही सासू विसरत नाही.

माझ्याकडून सुटलेली बाळंही आहेत. एक तर सहा महिन्यांनी आलं, न्यूमोनिया घेऊन. त्याच्याबद्दल इथे जास्त लिहवत नाही.

रानजाई

ताई, वाचताना घसा दाटून आला. वाचनखूण साठवली. एक शंका: सहा आठवडे तरी का थांबायचं? जन्मल्याबरोबर चाचणी करून मोकळं का होत नाहीत? आणि आईला आहे म्हणजे बाळाला असणारच ना?

पिंपळपान

मी बालरोगतज्ज्ञ आहे, काही वर्षं मुलांच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या केंद्रात, काम केलंय. रानजाई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण हा गैरसमज फार आहे.

आईला आहे म्हणून बाळाला असतंच असं अजिबात नाही. काहीच केलं नाही, अंगावरचं दूधही चालू राहिलं, तरी १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. आई गरोदरपणात वेळेवर एआरटीवर असेल आणि तिचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल तर हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर किंवा त्याखाली येतं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात झिडोव्हुडिन या एकाच औषधाने प्रमाण २५.५ वरून ८.३ टक्क्यांवर आलं होतं, तेव्हा सगळ्यांनी डोळे विस्फारले होते. भारतात २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रीला सीडी४ न बघता आयुष्यभराचं एआरटी मोफत मिळतं. बाळाचा खरा बचाव तिथून सुरू होतो.

आता चाचणी. नेहमीची एचआयव्ही चाचणी विषाणू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली द्रव्यं. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात उतरतात आणि १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे लहान बाळाची साधी चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्याचा अर्थ "आई पॉझिटिव्ह आहे" एवढाच. बाळाचं कळायला विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधावं लागतं, म्हणजे पीसीआर. आणि बऱ्याच बाळांना लागण प्रसूतीच्या वेळीच होते. त्यांच्या रक्तात पहिल्या दिवशी सापडण्याइतका विषाणू नसतो. म्हणून सहा आठवडे. जन्मतःची चाचणी काही देशांत जास्त धोक्याच्या बाळांसाठी करतात, पण ती निगेटिव्ह आली तरी सहाव्या आठवड्याची सुटत नाही. पुढे सहा महिने, बारा महिने, आणि अंतिम निदान दीड वर्षाला. दूध चालू असेपर्यंत धोका चालूच असतो.

सहाव्या आठवड्याची पीसीआर पॉझिटिव्ह आली की औषध लगेच सुरू करायचं आणि खात्रीसाठी दुसरा नमुना पाठवायचा. दुसऱ्या रिपोर्टसाठी पहिला डोस अडवून धरायचा नाही. हे मी ज्युनिअर डॉक्टरांना ओरडून सांगत आलोय.

रोखठोक

माहिती चांगली आहे, पण मूळ प्रश्न बाजूला राहिला. मिसिसिपीच्या बाळाला ३० तासांत तीन औषधं दिली आणि २७ महिने विषाणू गायब राहिला. मग प्रत्येक बाळाला जन्मतःच तीन औषधं द्या. एवढं सरळ आहे. सरकार पैसे वाचवतं आहे असा अर्थ काढला तर काय चुकलं?

पिंपळपान

प्रश्न रास्त आहे. पण आई औषधावर असलेल्या १०० बाळांपैकी ९८-९९ बाळांना लागण नसतेच. झिडोव्हुडिनने रक्त कमी होतं, नेव्हिरॅपिनने क्वचित पुरळ आणि यकृताला त्रास होतो. दोन किलोच्या बाळात डोस थेंबाथेंबाने मोजावा लागतो. निरोगी बाळाला हे सगळं कशासाठी? म्हणून धोका बघून ठरवतात. आईचा व्हायरल लोड दबलेला असेल तर बाळाला एकच सिरप सहा आठवडे. आईचं निदान प्रसूतीतच झालं असेल, औषध उशिरा सुरू झालं असेल किंवा लोड जास्त असेल, तर दोन औषधं, आणि अंगावर पाजत असेल तर बारा आठवडे.

या सहा आठवड्यांच्या सिरपामागे पुण्याचाही हात आहे, हे फार कुणाला माहीत नसतं. पूर्वी बाळाला नेव्हिरॅपिनचा एकच डोस देत. तो वाढवून सहा आठवडे दिला तर? हे इथिओपिया, युगांडा आणि पुण्याच्या बी.जे. मेडिकल-ससूनमध्ये तपासलं गेलं. २००८ मध्ये निकाल आला: सहाव्या आठवड्याला लागण ५.३ टक्क्यांऐवजी २.५ टक्के. सहा महिन्यांपर्यंत मात्र हा फरक बराच पुसट झाला, कारण औषध थांबलं होतं आणि दूध चालू होतं. पाजणं चालू असेपर्यंत आई किंवा बाळ यांपैकी एकाला तरी औषधाचं कवच हवं, हा धडा त्यातून मिळाला.

रोखठोक

पटलं. प्रतिबंधाचं सिरप आणि उपचाराची तीन औषधं यांत मी गल्लत करत होतो. पण मग लवकर औषध देऊनही विषाणू परत का आला?

पिंपळपान

शेतातली हरळी आठवा. वरून कितीही कापली तरी मुळी राहिली की पावसाबरोबर पुन्हा फुटते. हा विषाणू काही पेशींच्या जनुकांत स्वतःला शिवून घेतो आणि निपचित पडतो. त्या पेशी वर्षानुवर्षं जगतात. औषध फक्त वाढणारा विषाणू थोपवतं, निजलेल्या पेशीला हात लावत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात अशा जुन्या, आठवण धरणाऱ्या पेशी भरपूर असतात. नवजात बाळाच्या बहुतेक पेशी कोऱ्या असतात, त्यामुळे विषाणूला दडायला जागा कमी. पहिल्याच दिवसांत औषध पडलं तर मुळ्या फार खोल जात नाहीत, पण एखादी राहतेच.

एक गोष्ट अजून, जी मथळ्यांत येत नाही. लवकर औषधाने मेंदू वाचतो. हा विषाणू बाळाच्या वाढत्या मेंदूवर फार लवकर घाव घालतो. मान धरणं, बसणं, चालणं मागे पडतं. चेरमधल्या बाळांची वर्षाच्या सुमारास विकासाची तपासणी झाली, त्यात लवकर औषध मिळालेली बाळं पुढे होती. आमच्याकडे उशिरा आलेली मुलं जगली, पण त्यातली काही दोन वर्षांची असताना बसत नव्हती.

दूरदेशी

मी अमेरिकेत क्लिनिकल ट्रायलच्या डेटाचं काम करते, एचआयव्हीचं नाही, पण हा विषय आवडीने वाचत आलेय. थोडी भर.

मिसिसिपीनंतर ते मुद्दाम करून बघायचं ठरलं. आयएमपीएएसीटी पी१११५ नावाचा अभ्यास: जन्मल्यापासून ४८ तासांच्या आत औषध. ब्राझील, हैती, केनिया, मलावी, दक्षिण आफ्रिका, थायलंड वगैरे अकरा देश. लागण झालेली ५४ बाळं. त्यातल्या निवडक मुलांचं औषध पाच वर्षांच्या सुमाराला, काटेकोर देखरेखीखाली थांबवलं. मार्च २०२४ मध्ये डेन्व्हरच्या परिषदेत डॉ. पर्सोद यांनीच निकाल मांडला. सहा मुलांचं औषध थांबवलं होतं. दोघांमध्ये विषाणू तीन आणि आठ आठवड्यांत परतला. चौघे ४८ आठवडे किंवा जास्त काळ विषाणूविना राहिले, पण त्यातल्या एकात तो ८० आठवड्यांनी उसळला.

अपवाद म्हणावी अशी मुलंही आहेत. चेरमधल्याच एका मुलाचं औषध ४० आठवड्यांनी ठरल्याप्रमाणे थांबवलं होतं. २०१७ मध्ये ते साडेनऊ वर्षांचं असताना कळलं की साडेआठ वर्षं औषध नाही आणि विषाणू दबलेलाच आहे. फ्रान्समध्ये १९९६ ला जन्मलेल्या एका मुलीचीही अशीच गोष्ट, बारा वर्षं औषधाविना. पण चेरमधल्या बहुतेक मुलांना औषध थांबल्यावर ते पुन्हा सुरू करावं लागलं. कुठलं मूल अपवाद ठरेल हे आधी सांगणारी चाचणी नाही. म्हणून अभ्यासाबाहेर, घरच्या घरी औषध थांबवून बघणं म्हणजे मुलाचा जीव पणाला लावणं. मिसिसिपीच्या मुलीला निदान दर काही आठवड्यांनी तपासत होते.

निळी_शाई

मी कोकणात लॅब टेक्निशियन आहे. टाचेतून रक्त घेण्याबद्दल ताईंनी एका ओळीत उरकलंय, पण निम्मं काम तिथेच बिघडतं म्हणून सविस्तर लिहितो.

डीबीएसचं (वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांचं) कार्ड म्हणजे जाड गाळणकागद, त्यावर पाच गोल छापलेले. बाळाची टाच आधी कोमट करून घ्यायची, गार टाचेतून रक्त येत नाही. मग बाळ रडतं, आई रडते आणि आपण टाच पिळायला लागतो. पिळायची नाही. टाचेच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही. पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा थेंब मोठा लोंबू द्यायचा आणि गोलाला एकदाच टेकवायचा, कागद मागून लाल दिसेपर्यंत. एका थेंबावर दुसरा थेंब द्यायचा नाही. गोलाला बोट लावायचं नाही.

मग वाळवणं. आडवं ठेवून, सावलीत, निदान चार तास, शक्यतो रात्रभर. आमच्याकडे जूनपासून भिंतींना पाणी सुटतं, तिथे चार तासांत काही वाळत नाही. मी कार्ड वाळवण्याच्या स्टँडला लावून बंद खोलीत रात्रभर ठेवतो, सकाळी डाग लालभडकचा गडद तपकिरी झाला की मगच पाकिटात. पाकिटात सिलिका जेलच्या पुड्या आणि दमटपणा दाखवणारा कागद. तो कागद निळ्याचा गुलाबी झाला की पुड्या बदलायच्या. ओलं कार्ड गेलं की लॅबमधून "नमुना अयोग्य" असा शेरा येतो, आणि त्या एका शेऱ्यात बाळाचे तीन-चार आठवडे जातात. ताईंनी वर जे आकडे दिलेत त्यांच्या हिशोबात तीन-चार आठवडे म्हणजे काय, हे मी प्रत्येक नवीन सिस्टरला सांगतो.

अबोली_०७

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझं पहिलं मूल २००३ साली गेलं, पाच महिन्यांचं. जुलाब थांबेनात. कुणी तपासलं नाही, मलाही माहीत नव्हतं. सरकारी मोफत औषध त्यानंतर, २००४ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. मला माझं कळलं ते नवरा आजारी पडल्यावर.

दुसऱ्या वेळी सगळं माहीत असून गरोदर राहिले. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. मी औषधावर होते, पण मधे दोन महिने खंड पडला, घरची कारणं होती. मुलगी २०१३ ची. सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्त घेतलं, रिपोर्ट पॉझिटिव्ह. त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले, उठवेना. काउन्सेलरताई बाजूला येऊन बसल्या. म्हणाल्या, रडून घ्या, पण आज औषध घेतल्याशिवाय घरी जायचं नाही.

ते औषध म्हणजे लोपिनाव्हिरचं सिरप. ज्यांनी पाजलंय त्यांनाच कळेल. कडू जहर आणि दारूसारखा भपका. लेकीने तोंडातून उडवायचं, माझ्या प्रत्येक साडीवर त्याचे डाग. ओकली की पुन्हा द्यायचं. आणि ते थंड ठेवायचं. शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवलं असतं तर गावभर झालं असतं. मी माठाशेजारी घमेल्यात ओली वाळू घालून त्यात बाटली पुरून ठेवायचे, दिवसातून दोनदा वाळूवर पाणी मारायचे. सासूबाईंना सांगितलं, टॉनिक आहे.

आता ती सहावीत आहे. कबड्डी खेळते. लोड दबलेला आहे. गोळी स्वतः घेते. कसली गोळी ते तिला हळूहळू सांगतोय, केंद्रातल्या ताईंच्या मदतीने, एकदम नाही.

पहिल्या लेकराला सात आठवड्यांचं असताना कुणी औषध दिलं असतं तर, असं रोज मनात येतं.

कृष्णाकाठ

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत, तुमचे हात हातात घ्यावेसे वाटतात. ओल्या वाळूचं वाचून माझ्यासमोर निदान दहा घरं उभी राहिली.

ज्यांच्या घरी आता बाळ आहे त्यांच्यासाठी सांगते, सिरपचे ते दिवस सरत आलेत. डोल्युटेग्राव्हिरची १० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी आली आहे, स्ट्रॉबेरीच्या चवीची, चार आठवड्यांवरच्या आणि तीन किलोवरच्या बाळांसाठी. २०२० च्या अखेरीस तिची स्वस्त आवृत्ती आली, तेव्हा वर्षाला साधारण ३६ डॉलर. ती बनवणाऱ्यांत मुंबईची मॅक्लिऑड्स आहे. आपल्या देशात बनलेली गोळी मलावीतल्या बाळाच्या तोंडात जाते, याचा मला फार आनंद होतो.

पिंपळपान

या गोळीला धरून एक सूचना. डोस वजनावर असतो आणि बाळ झपाट्याने वाढतं. सहा किलोच्या आत अर्धी गोळी, सहा ओलांडले की दीड, दहाच्या वर दोन. दर भेटीला वजन करून डोस बदलून घ्यायलाच हवा. "मागच्याच चालू ठेवा" असं कुणी वजन न करता म्हणालं तर वजन करायला लावा. आणि ज्या बाळाला प्रतिबंधाचं नेव्हिरॅपिन मिळूनही लागण झाली, त्याचा उपचार नेव्हिरॅपिनवर उभा करत नाहीत, विषाणू त्याला सरावलेला असू शकतो. आफ्रिकेतले देश आणि भारत मिळून झालेल्या अभ्यासात तर आधी नेव्हिरॅपिन न मिळालेल्या मुलांतही लोपिनाव्हिरच सरस ठरलं होतं.

दोघांचे_तिघे

आम्ही दत्तक पालक. आमच्या मुलाच्या फाइलवर चार महिन्यांचा असताना लाल पेनने "पॉझिटिव्ह" लिहिलेलं होतं. दोन कुटुंबं ती फाइल बघून परत गेली होती. आम्हीही हललो होतो. ओळखीच्या एका डॉक्टरांनी विचारलं, ही चाचणी कुठली? साधी की पीसीआर? साधीच होती. पीसीआर झाली, निगेटिव्ह. आणखी दोनदा निगेटिव्ह. दीड वर्षाला साधी चाचणीही निगेटिव्ह, आईची प्रतिपिंडं विरून गेलेली. एका शब्दाने आमचं लेकरू अनाथालयात सात महिने जास्त राहिलं. कुणी दत्तकाच्या वाटेवर असेल तर "कुठली चाचणी" हे आधी विचारा. आणि पीसीआर पॉझिटिव्ह असलेली बाळंही औषधावर मोठी होतात हे अबोलीताईंनी वर लिहिलंच आहे.

वाटसरू११

नवीन आयडी काढून लिहितोय, समजून घ्या. वहिनी तीन आठवड्यांपूर्वी बाळंत झाली, तिच्या माहेरी. तिचं एचआयव्ही प्रसूतीच्या वेळीच कळलं. त्याआधी काही माहीत नव्हतं. बाळाला दोन बाटल्या दिल्या होत्या. दहा दिवस पाजल्या, मग बारशाला पाहुणे आले तेव्हा बंद केल्या, कुणी विचारेल म्हणून. बाळ अंगावर पितंय, गुटी पण चालू केली आहे. बाळ एकदम छान आहे, वजन वाढतंय. सव्वा महिन्यानंतर नेऊ असं घरचे म्हणतात. हा धागा वाचून झोप उडाली. काय करू?

कृष्णाकाठ

दादा, तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. सव्वा महिन्याची वाट बघू नका. उद्याच सकाळी जवळच्या एआरटी केंद्रात बाळ आणि वहिनी दोघांना न्या. माहेरच्या जिल्ह्यातलं केंद्र चालतं, नाव जिथे नोंदलं तिथेच जायला हवं असं नाही. डिस्चार्ज कार्ड आणि त्या दोन्ही बाटल्या, उरलेल्या औषधासकट, बरोबर घ्या, म्हणजे किती दिवस गेलं ते त्यांना कळेल. बाटल्या आज रात्रीच पुन्हा सुरू करायच्या का, किती मिली, हे वहिनीच्या कार्डावरच्या नंबरवर आत्ताच फोन करून विचारा, अंदाजाने देऊ नका.

गुटी आजच बंद. मध, पाणी, वरचं दूध, काही नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि आईचं औषध एक दिवसही चुकू नये. वरचं खाणं आणि अंगावरचं दूध एकत्र झालं की आतड्याचं अस्तर दुखावतं आणि लागण सोपी होते. पाहुण्यांना बाटलीचं काय सांगायचं हा प्रश्न मला नवा नाही. "बाळ नाजूक आहे, डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलंय," एवढं पुरतं.

आणि एक लक्षात असू द्या: कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर वहिनीच्या परवानगीशिवाय तिचं नाव-निदान कुणाला सांगायचा अधिकार दवाखान्यालाही नाही. २०१७ चा कायदा आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे.

पिंपळपान

ताईंशी पूर्ण सहमत. हे जास्त धोक्याचं बाळ आहे. केंद्रात गेल्यावर सुरुवातीलाच सांगा: "निदान प्रसूतीत झालं, दोन औषधं होती, दहा दिवसांनी खंड पडला." या एका वाक्यावर पुढचं सगळं ठरेल. बाळ छान दिसतंय यावर विसंबू नका. आणि घाबरूनही जाऊ नका, बाळाला लागण झालीच आहे असं अजून कुणीही म्हणू शकत नाही.

रानजाई

वाटसरू, आम्ही सगळे वाट बघतोय. काय झालं ते जमलं तर कळवा.

वाटसरू११

गेलो होतो. वहिनीची आई आधी तयार नव्हती, बाळंतीण बाहेर काढायची नाही म्हणाली. शेवटी बाळाच्या वजनाला नेतो असं सांगितलं. केंद्रात मॅडमनी एका शब्दानेही रागावलं नाही. दोन्ही औषधं परत सुरू झाली, वहिनीचं पण नियमित झालं. बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं, सहाव्या आठवड्याला परत घेणार आहेत. टाच आधी कोमट पाण्याच्या फडक्याने शेकली. पाचही गोल भरले. मी उभा राहून बघत होतो.

रिपोर्टला वेळ लागेल म्हणाले. तोपर्यंत आणखी काही करायचं का?

कृष्णाकाठ

केलंत दादा. आता बाटल्यांच्या वेळा मोबाइलमध्ये गजर लावून वहिनीच्या उशाशी ठेवा. सहा आठवडे झाले की कोट्रायमॉक्साझोलचं सिरप सुरू करतील, न्यूमोनियापासून संरक्षणासाठी. ते रिपोर्ट काहीही येवो, द्यायचंच असतं, म्हणजे ते बघून घाबरू नका. ताप आला, दूध ओढेनासं झालं, श्वास भरभर वाटला तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी न्या. आणि सहाव्या आठवड्याच्या लसीला मला इथे निरोप टाका.